घराजवळची साधी हॉटेलं कशी चाखावीत? पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा-तेरा वर्षं महिन्यातून दोन-तीनदा मी एखाद्या नव्या हॉटेलात जाऊन खाते. कधी नवऱ्याबरोबर, बऱ्याचदा एकटी. त्यामुळे ओळखीतल्या कुणालाही "जवळपास काय चांगलं मिळतं?" असा प्रश्न पडला की फोन मला येतो. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली.

साधं हॉटेल म्हणजे नेमकं कुठलं?

मराठीत हॉटेल म्हणजे खायची जागा, राहायची नव्हे. जिथे मेन्यूकार्डापेक्षा भिंतीवरचा काळा फळा खरा, मालक स्वतः गल्ल्यावर, टेबलं सहा ते दहा आणि दारावर "आमची कुठेही शाखा नाही" अशी पाटी, ते साधं हॉटेल. नावात उपाहारगृह असेल, विश्रांतीगृह असेल, भुवन, भोजनालय, खानावळ, अमृततुल्य (म्हणजे चहाचं दुकान), स्नॅक्स सेंटर, काहीही असेल. गाडी लावायला माणूस धावत आला तर मात्र तुम्ही चुकीच्या पानावर आहात.

मी वाकडला राहतो. प्रत्येक वेळी पेठेत यायचं का?

अजिबात नको. घरापासून पंधरा मिनिटं चालत जाता येईल एवढ्या टापूत आधी बघा. वाकड, हिंजवडी, खराडी, हडपसर या बाजूंना मराठवाडा, खानदेश, विदर्भातून आलेली माणसं राहतात आणि त्यांच्यामागून त्यांचं जेवण आलेलं आहे. शेवभाजी, भरीत आणि कळण्याची भाकरी, पाटोडी रस्सा, सावजी मटण हे सगळं उपनगरांत मिळतं. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांची सावजी चव चाखायला सदाशिव पेठेत येणं म्हणजे उलटा प्रवास.

माहिती काढायची ती रिक्षा स्टँडवर, सोसायटीच्या वॉचमनकडे, हार्डवेअरच्या दुकानातल्या पोऱ्याकडे. प्रश्न मात्र नीट विचारायचा. "इथं चांगलं हॉटेल कुठंय?" म्हटलं की समोरचा तुमच्या कपड्यांकडे बघून एखादं एसी गार्डन रेस्टॉरंट दाखवतो. "तुम्ही स्वतः कुठं जेवता?" असं विचारा. तो क्षणभर गप्प होतो, मग हात वर करून गल्ली दाखवतो. मला निम्मी चांगली हॉटेलं या दुसऱ्या प्रश्नानेच मिळाली.

किती वाजता जावं?

मला एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारावा. बाकी सगळं मागाहून जमतं.

साध्या हॉटेलाला स्वतःचं घड्याळ असतं आणि ते तुमच्या भुकेवर चालत नाही. मिसळ सकाळची. साडेआठ ते साडेदहा या वेळात कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, ताजा असतो, फरसाण कुरकुरीत असतं आणि माणसं कामात असल्यामुळे फार बोलत नाहीत. बाराला गेलात तर तळाचा कट मिळतो, मीठ-तिखट आटून वर आलेलं असतं. मग लोक सांगत फिरतात की "नाव मोठं, चव काही खास नाही." खानावळीत जेवण साडेअकराला लागतं, भाकऱ्या गरम मिळतात पावणेबारा ते एक. दोनला जाणाऱ्याच्या वाट्याला कोशिंबीर येत नाही आणि भाजीत रस्साच उरलेला असतो. बटाटेवडा, भजी चार वाजता. उडुपी हॉटेलात डोसा कधीही मिळतो हे खरं, पण सकाळी सातला तवा नुकताच तापलेला असताना खाल्लेला डोसा आणि रात्री नऊचा डोसा यांत फरक पडतो. पिठाचा आंबटपणा दिवसभर वाढत जातो.

दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून पुण्याची खूप थट्टा झाली. मलाही ती मजेशीर वाटायची. मग एकदा एका स्नॅक्स सेंटरमध्ये दुपारी अडीचला घुसले. शटर अर्धं खाली होतं. आत मालक, दोन पोरं आणि आचारी एकाच टेबलावर जेवत बसले होते. वरण, भात, लोणचं. सकाळी पाचपासून उभी असलेली माणसं. मालक हात न धुताच उठायला लागले, "बोला ताई." मी म्हटलं, "बसा हो, चारला येते." चारला गेले तेव्हा वडे घाण्यातून निघत होते आणि पहिली बशी माझ्यापुढे आली.

आठवड्याचंही गणित असतं. मटणाच्या खानावळींचा जोर बुधवार, शुक्रवार, रविवार. श्रावणात त्यांतल्या कित्येक सरळ बंद असतात किंवा रंगकाम काढतात. आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात तिथे जागा मिळायची आशा धरू नये. संकष्टी, एकादशी आणि श्रावणी सोमवारी साबुदाणा खिचडी सगळीकडे असते, पण ज्यांच्याकडे ती एरवीही रोज होते त्यांच्याकडेच खावी. फक्त उपवासाच्या दिवशी करणाऱ्यांचा साबुदाणा भिजण्यात चुकतो. एक तर टचटचीत, नाही तर गोळा.

पहिल्यांदा गेलं की काय मागवायचं?

फळ्यावर पहिलं जे लिहिलंय ते. आणि शेजारच्या चार टेबलांवर जे दिसतंय ते. दोन्ही एकच असेल तर प्रश्नच मिटला.

"तुमच्याकडे स्पेशल काय?" असं विचारू नये. वेटर "सगळंच" म्हणतो, आणि त्यात त्याची चूक नाही. त्यापेक्षा "आत्ता गरम काय आहे?" विचारावं. हा स्वयंपाकघराचा प्रश्न आहे, त्याला खरं उत्तर मिळतं. साध्या हॉटेलाच्या फळ्यावर शेवटी शेजवान नूडल्स आणि पनीर टिक्का असतोच. तो कॉलेजच्या पोरांसाठी लिहिलेला असतो. तो खाऊन हॉटेलाची परीक्षा करणं म्हणजे गणिताच्या सरांना पोहण्याच्या तलावात उतरवणं.

आणि एका भेटीत निकाल लावू नका. मी तीन भेटींचा नियम पाळते. पहिल्यांदा मुख्य पदार्थ. दुसऱ्यांदा तोच पदार्थ वेगळ्या वारी. तिसऱ्यांदा वेटर जे सांगेल ते. तिसऱ्या वेळेपर्यंत त्याने तुम्हाला ओळखलेलं असतं, म्हणून तो खरं सांगतो. "आज भरलं वांगं घेऊ नका, वांगी मोठी आलीयेत" हे मला तिसऱ्या भेटीत ऐकायला मिळालं.

पुण्यातली खरी मिसळ कुठली?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी विचारते, कुठल्या चवीची सवय आहे? कोल्हापूर, नाशिककडची झणझणीत, तर्रीदार मिसळ लहानपणापासून खाल्लेली असेल तर पेठेतली मिसळ तुम्हाला गोडसर वाटणार. तिच्याकडे कमतरता म्हणून बघू नका. ती वेगळी मिसळ आहे.

नारायण पेठेतल्या बेडेकरांकडे 1948 पासून मिसळ मिळते. रस्सा किंचित गोडाकडे झुकणारा, ताटलीत पोहे, बटाट्याची भाजी, शेव, आणि सोबत पाव नाही तर स्लाइस ब्रेड. बाहेरगावचा माणूस ब्रेड बघून नाक मुरडतो. मुरडू दे. रस्सा पातळ असेल तर तो टिपायला स्लाइस बरा पडतो. पाव बुडवला की जड होऊन तुटतो आणि रश्शात गाळ होतो. बुधवार पेठेत फडके हौदाजवळ वैद्यांचं उपाहारगृह आहे. तिथला रस्सा लाल नाहीच, हिरवी मिरची आणि आल्याचा. पहिल्या घासाला काहीच वाटत नाही. तिसऱ्या घासाला कपाळावर घाम येतो. तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवन, टिळक रस्त्यावर रामनाथ. रामनाथमध्ये तिखट या शब्दाचा अर्थ शब्दशः घ्यावा आणि आधी रस्सा वेगळा मागून चाखावा.

चारही ठिकाणं एकमेकांपासून फार लांब नाहीत. पण एका सकाळी चारही करायचा बेत आखू नका. दोन ठिकाणांनंतर जीभ काहीच सांगत नाही. मी हा बेत एकदा केलाय आणि चौथ्या ठिकाणी फक्त ताक प्यायले.

शब्दांचं थोडं: रस्सा, कट, सँपल, तर्री हे सगळीकडे एकच नसतं. पेठेत सँपल म्हणजे जास्तीचा रस्सा. तर्री म्हणजे वर तरंगणारं तेलाचं लाल पाणी. "एक्स्ट्रा" मागण्याआधी तो फुकट आहे की पैसे पडतात ते पाटीवर बघा. पुण्यात पाटी असतेच.

खानावळ, मेस आणि डायनिंग हॉल यांत फरक काय?

डायनिंग हॉल म्हणजे अमर्याद थाळी. बादशाही, आशा, श्रेयस, दुर्वांकुर ही ओळखीची नावं. वाढपी फिरत राहतात, तुम्ही "पुरे" म्हणेपर्यंत वाढतात, आणि एकदा "पुरे" म्हणून भागत नाही. रविवारी दुपारी रांग असते, नाव लिहून बाहेर उभं राहावं लागतं. इथे भुकेलेल्या माणसाने जावं. चाखायला जाणाऱ्याचे पैसे वाया जातात.

खानावळीत ताट ठरलेलं असतं: दोन भाज्या, आमटी किंवा वरण, पोळ्या नाही तर भाकरी, भात. जास्तीचं काही हवं असेल तर त्याचे वेगळे पैसे.

मेस हे वेगळंच जग आहे आणि बहुतेकांच्या यादीत ते नसतं. सदाशिव, नारायण, शनिवार, नवी पेठ या भागांत स्पर्धा परीक्षांची पोरं-पोरी राहतात, त्यांच्यासाठी घरोघरी मेस चालतात. महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळचं जेवण, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी सुट्टी. गावी जाणार असाल तर आधी सांगून "खाडे" धरायचे, नाहीतर पैसे गेले. बाहेरच्या माणसालाही बहुतेक ठिकाणी एक वेळचं ताट मिळतं. फक्त सकाळी फोन करून किंवा दारात जाऊन सांगावं लागतं.

नवी पेठेतल्या एका पहिल्या मजल्यावरच्या मेसमध्ये मी अशीच गेले होते. दोन खोल्या, भिंतीला लावलेली लांब बाकं, कोपऱ्यात चपलांचा ढीग. समोरचा मुलगा डाव्या हाताने चालू घडामोडींचं मासिक धरून उजव्या हाताने जेवत होता. फ्लॉवर-बटाटा, मटकी, आमटी. आमटीत आमसूल आणि गूळ दोन्ही बरोब्बर. मी दुसरी पोळी मागितली तर काकूंनी ताटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आधी ती मटकी संपू दे." माझी स्वतःची मुलगी कॉलेजात; मला कुणी असं बोलल्याला बरीच वर्षं झाली होती. मटकी संपवली. पोळी आली, तुपाचं बोट लावून.

बाईने एकटीने गेलं तर विचित्र वाटतं का?

उडुपी, इराणी, मिसळीची ठिकाणं, डायनिंग हॉल इथे कुणी ढुंकूनही बघत नाही. वैशालीत एकटीने कॉफी पीत पेपर वाचणाऱ्या बायका मी कॉलेजात असल्यापासून बघतेय. अमृततुल्यात पूर्वी बायका कमी दिसायच्या, आता तसं राहिलेलं नाही.

अडचण येते ती "फॅमिली रूम"ची. मटणाच्या काही खानावळींत आणि परमिट रूमला लागून असलेल्या हॉटेलांत एकटी बाई आली की वेटर लगेच वरच्या मजल्याकडे किंवा पडद्यामागे बोट दाखवतो. हेतू चांगला असतो, पण तिथे पंखा बंद असतो, टेबल पुसलेलं नसतं आणि वाढायला कुणी फिरकत नाही. मी आता सरळ गल्ल्याजवळच्या टेबलावर बसते आणि म्हणते, "इथेच बरं आहे, दादा." आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. संध्याकाळी सातनंतर ज्या हॉटेलात ग्लासांचा आवाज जेवणापेक्षा मोठा असतो, तिथलं मटण मी दुपारी खाते.

मटणाच्या खानावळीत नवख्या माणसाने काय बघावं?

आळणी. मटण शिजवलेलं हळदीचं, मिठाचं पाणी म्हणजे आळणी, काही जण तिला सूप म्हणतात. मसाला लपवायला तिथे जागाच नसते. आळणी चांगली तर मटण ताजं. मग सुक्कं आणि रस्सा. कोल्हापुरी पद्धतीच्या ठिकाणी तांबडा-पांढरा वाट्यांतून येतो. पांढऱ्याला हात लावण्याआधी तो गरम आहे ना ते बघा, कोमट पांढरा रस्सा प्यायचा नाही. भाकरी बाजरीची की ज्वारीची हे विचारतात, थंडीत बाजरी घ्या. शेवटी इंद्रायणीचा भात थोडासा, रस्सा कालवण्यापुरता.

कॅम्पात गेलात तर तिथली चव पार वेगळी. दोराबजी 1878 पासून आहे, तिथे बिर्याणी किंवा धानसाक. पारशी घरांत धानसाक रविवारच्या दुपारचं जेवण, शुभकार्याला मात्र ते करत नाहीत. तेव्हा वाढदिवसाची पार्टी म्हणून कुणा पारशी मित्राला धानसाक खायला नेऊ नका, तो हसेल.

इराणी आणि उडुपी हॉटेलं आता कुणी मुद्दाम जाऊन बघावीत का?

हो, आणि सकाळी. डेक्कनच्या गुडलकमध्ये 1935 पासून बनमस्का आणि चहा मिळतो. त्याच वर्षी लक्ष्मी रस्त्यावर सरपोतदारांचं पूना गेस्ट हाऊस सुरू झालं. एकाच सकाळी दोन्ही होतात: आधी बनमस्का, मग चालत लक्ष्मी रस्ता, तोवर थालीपिठाची भूक लागते. बनमस्का चहात बुडवायचा, लाजायचं नाही.

उडुपीचं म्हणाल तर फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीचं आधीचं नाव मद्रास हेल्थ होम. जगन्नाथ शेट्टींनी ते नावारूपाला आणलं. पण तुमच्या भागातल्या शेट्टींकडेही जा. सांबार चाखा, चटणी चाखा, आणि फिल्टर कॉफी मागा. कॉफी स्टीलच्या वाटी-पेल्यात आली तर पुन्हा जायला हरकत नाही.

अमृततुल्य हे सगळीकडेच लिहिलेलं दिसतं. खरं कसं ओळखायचं?

पितळी पातेलं, समोर ओट्यावर मांडी घालून बसलेला माणूस, हाताशी वेलची-सुंठ कुटायचा खल, आणि कापडाच्या गाळणीतून उंचावरून पडणारी धार. पुण्यातली जुनी अमृततुल्यं राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी चालवली. हल्लीच्या फ्रँचायझी दुकानांत चहा वाईट असतो असं नाही, पण मसाल्याची पुडी बाहेरून येते आणि कपही कागदी. काचेच्या ग्लासात मागा. देतात.

स्वच्छता कशी तपासायची? आत जाऊन स्वयंपाकघर बघू देतील का?

काही ठिकाणी देतात. पण तेवढं करायची गरज नसते, टेबलावर बसून बरंच कळतं.

टेबल पुसायचं फडकं बघा. ओलं, काळपट आणि वास येणारं असेल तर आतलं फडकंही तसंच. चटणीच्या भांड्यावर झाकण आहे का? पेले धुऊन ओले आहेत की बोटांचे ठसे असलेले? हात धुवायच्या बेसिनपाशी साबण आहे का, आणि वेटर स्वतः तो वापरतो का? घाण्यातल्या तेलाला फेस येत असेल, धूर लवकर निघत असेल आणि रंग कॉफीसारखा असेल तर चहा पिऊन निघा. तळणाचं तेल वारंवार वापरण्यावर एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 1 जुलै 2018 पासून मर्यादा घातली आहे. तेलातले टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकून द्यायचं. तुमच्याकडे मोजायचं यंत्र नसणार, पण वडा हातात घेतल्यावर बोटांना चिकट, जुना वास येतो का हे कळतं.

एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक दर्शनी भागात लावलेला असायला हवा आणि बिलावरही. वडापाव वर्तमानपत्राच्या कागदात देत असतील तर बशी मागा. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून 2016 मध्येच एफएसएसएआयने तसं न करण्याबद्दल सूचना काढली होती. कागद अजून दिसतो, हेही खरं.

गर्दी ही सर्वांत मोठी खूण. माल खपतो तिथे शिळं उरत नाही. उलट बोलायचं तर, सत्तर पदार्थांचा फळा आणि रिकामी टेबलं दिसली की मी पाणीही पीत नाही.

पोट बिघडलं तर?

माझं एकदा चांगलंच बिघडलं. मे महिना, दुपारचे चार, एका छोट्या स्नॅक्स सेंटरमध्ये दहीवडा मागवला. पहिल्या चमच्याला दही जिभेला चरचरलं. मालक समोरच उभे राहून "कसंय ताई?" विचारत होते, मला नाही म्हणवेना. पूर्ण बशी खाल्ली. पुढचे दोन दिवस मीठ-साखर-पाण्यावर. त्या हॉटेलाचं नाव इथे नाही, कारण निम्मी चूक माझ्या भिडेची होती. तेव्हापासून पहिल्या घासाला शंका आली की बशी बाजूला सारते आणि सांगते, "हे आंबलंय बहुतेक, बघता का?" नीट सांगितलं तर दहातले नऊ मालक बदलून देतात, वर चहा पाजतात.

अनेकांना एकाच जागी खाऊन त्रास झाला असेल तर मात्र भीड नको. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, बिल जपून ठेवा. पैशांच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

बिलात जीएसटी लावला तर तो द्यायचाच का?

बिलावर जीएसटी क्रमांक छापलेला असेल तर द्यायचा. साध्या रेस्टॉरंटला 5 टक्के, अडीच केंद्राचे आणि अडीच राज्याचे. महाराष्ट्रातला क्रमांक 27 ने सुरू होतो. पण बरीच छोटी हॉटेलं कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेत, असतात. त्यांनी कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नसतो आणि बिलावर तसं लिहायचंही असतं. क्रमांक नाही, पण हाताने "जीएसटी 5%" लिहिलंय, असं बिल मला एकदा आलं. "नंबर कुठंय?" एवढंच विचारलं. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी वर न बघता पेनाने ती ओळ खोडली.

सर्व्हिस चार्ज साध्या हॉटेलांत नसतोच. दिसला तर तो ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तो आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

टीप? बडीशेपेच्या बशीत दहा-वीस रुपये. यूपीआयने बिल दिलंत तर टीप वेटरपर्यंत पोचत नाही, म्हणून सुटे जवळ ठेवा.

ऑनलाइन रेटिंगवर विश्वास ठेवावा का?

एक तारा देणाऱ्यांचे शेरे आधी वाचा, ते जास्त उपयोगी. "साडेबाराला गेलो तर मिसळ संपली होती" हे वाचून मी हॉटेल यादीत टाकते. "मालक उद्धट आहेत, टेबलावर बसून लॅपटॉप उघडू देत नाहीत", हेही चालेल. "पार्किंग नाही" हे तर पेठेत सगळ्यांनाच लागू. पण "दोन वेळा केस निघाला", "तेल जुनं", "बिलात न मागवलेलं लावलं" असं वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळे लोक लिहीत असतील तर सोडून द्या.

दुसऱ्याच्या टेबलावर बसवतात. काय करायचं?

बसायचं. "इथे कुणी आहे का?" विचारायचं आणि बसायचं. समोरच्याच्या ताटात डोकावायला हरकत नाही, ते कसं आहे हे विचारायलाही नाही. मात्र खाऊन झाल्यावर गप्पा मारत टेबल अडवायचं नाही. दारात लोक उभे असतात आणि ते तुमच्याकडेच बघत असतात. फोटो दोन काढा, माणसांचे काढायचे तर विचारून.

दाण्यांची ॲलर्जी आहे. जमेल?

कठीण आहे, स्पष्टच सांगते. पुण्यात दाण्याचं कूट कोशिंबिरीत, साबुदाण्यात, भरल्या वांग्यात, पालेभाजीत, काही ठिकाणी आमटीतही असतं. तळणाचं तेलही बऱ्याचदा शेंगदाण्याचं. "दाणे नकोत" म्हटलं की वरचे अख्खे दाणे काढतात आणि कूट राहून जातं. उडुपी हॉटेलात इडली सोपी पडते, पण तिथेही चटणीत दाणे आहेत का ते आचाऱ्यालाच विचारून घ्या. वेटरच्या "नाही नाही" वर सोडू नका. जैन जेवणाचं तसं नाही. कांदा-लसणाशिवाय हवं म्हटलं की डायनिंग हॉलवाले लगेच सांगतात काय चालेल, काय नाही.

वयस्कर आई-वडिलांना न्यायचं असेल तर?

आधी एकटे जाऊन जिना आणि स्वच्छतागृह बघून या. पेठेतल्या निम्म्या चांगल्या जागा पहिल्या मजल्यावर आहेत आणि जिने वाड्याच्या काळातले. चढणं जमत नसेल तर पार्सल आणा. घरचा डबा घेऊन जा. 2018 पासून राज्यात प्लास्टिकबंदी असली तरी गरम रस्सा पिशवीत गाठ मारून देणारे अजून आहेतच, आणि ती पिशवी घरी पातेल्यात सोडताना निम्मा रस्सा ओट्यावर जातो. स्टीलचा, फिरकीचा डबा बरा. अनोळखी हॉटेलवालाही डबा बघून पळीभर जास्त घालतो, असा माझा अनुभव.

ॲपवरून मागवून चाखलं तर चालणार नाही का?

भात, बिर्याणी, आमटी चालेल. मिसळ, डोसा, वडा, भजी नाही. वीस मिनिटं डब्यात वाफ धरली की डोसा रुमालासारखा होतो. शिवाय ॲपवरचे दर बऱ्याचदा हॉटेलातल्या दरांपेक्षा जास्त असतात, कारण ॲपचं कमिशन त्यातून सुटायचं असतं. हॉटेल आवडलं असेल तर थेट फोन करून सांगा आणि चालत जाऊन घेऊन या.

किती खर्च धरावा?

मी दोघांना तीनशे रुपये धरून निघते. मिसळ, चहा, वर काहीतरी गोड यात भागतं. डायनिंग हॉल किंवा मटण असेल तर दुप्पट-तिप्पट. उन्हाळ्यात निंबाळकर तालमीपाशी सुजाता मस्तानी (आइस्क्रीम घातलेलं दाट मिल्कशेक) घेतली तर तिचे वेगळे धरा, आणि त्या दिवशी रात्रीचं जेवण करू नका.

नोंद ठेवावी का?

मी ठेवते. जुन्या डायरीत, एका हॉटेलाला तीन ओळी: काय खाल्लं, किती वाजता, पुन्हा कधी जायचं. तारे देत नाही. "गुरुवार, 4.10, बटाटेवडा, लसूण जास्त, चटणी सुकी मागणे" एवढं पुरतं. सहा-सात वर्षांपूर्वीची एक नोंद आहे: "शनिवार, 9.15, मिसळ संपत आली. मालक म्हणाले उद्या आठला या." दुसऱ्या दिवशी रविवार, उठायला उशीर झाला, गेले नाही. पुढे तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आलं.

येत्या रविवारी सकाळी कुठे जाऊ?

रविवारी सकाळी नावाजलेल्या ठिकाणी जाऊच नका, तासभर रस्त्यावर उभे राहाल. मंगळवारी जा. साडेआठला.